हुबेहूब म्हणजे काय? छोट्या रेल्वेची समीक्षा

आजचा विषय काहींना पोरखेळ वाटेल. मॉडेल रेल्वे. टेबलावर डोंगर उभा करायचा, रूळ टाकायचे, गाडी सोडायची. पण पाहणारा कौतुक कसं करतो बघा. एकच शब्द, ‘हुबेहूब!’ माझं भांडण या शब्दाशी आहे.

हिशोब मांडू. एच-ओ म्हणजे 1:87 हे जगात सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण. आपला जुना निळा आयसीएफ डबा साधारण 21.3 मीटरचा, तो या प्रमाणात साडेचोवीस सेंटिमीटरचा होतो. चोवीस डब्यांची गाडी करा, जवळपास सहा मीटर. नुसती गाडी हं. स्टेशन, यार्ड, घाट अजून बाकीच आहेत. म्हणजे प्रत्येक लेआऊटमध्ये काटछाट ठरलेलीच. मग समीक्षकानं विचारायचं ते हे की काय ठेवलं, काय गाळलं आणि का.

दोन माणसं घेऊ. पहिला कॅलिफोर्नियातला जॉन अॅलन, पेशानं छायाचित्रकार. मॉन्टेरेच्या घरात त्यानं ‘गोरी अँड डॅफिटिड’ उभी केली. नाव नीट उच्चारलं की इंग्रजीत ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ असं ऐकू येतं. जमिनीपासून छतापर्यंत डोंगर, खोल दऱ्या, आणि यार्डात डबे ओढायला चक्क एक डायनासोर! हुबेहूब कुठे आहे यात? तरी ती रेल्वे खरी वाटते, कारण तिथली प्रत्येक वस्तू वापरलेली दिसते. गंज, काजळी, विटलेला रंग, ज्याला वेदरिंग म्हणतात ते रूढ करण्यात अॅलनचा मोठा वाटा आहे. 1973 च्या जानेवारीत तो गेला आणि काही दिवसांतच आग लागून लेआऊटही गेला. उरले ते फोटो.

गंमत अशी की फोटो पाहून लोकांनी गंज तेवढा उचलला. आज दुकानात वेदरिंगच्या पावडरी मिळतात आणि सगळे डबे सारखेच मळवले जातात. ही मला शैली वाटत नाही, ही लकब झाली. मळाला कारण लागतं. ब्रेकची तांबूस धूळ बोगीवर आणि डब्याच्या खालच्या अंगावर बसते. डिझेलची काजळी धुराड्याच्या आसपास, छतावर. पावसाचे ओघळ वरून खाली. आपल्या डब्यावर खिडकीच्या गजांखाली पानाची पिंक. कारण माहीत नसेल तर तो नुसता तपकिरी रंग.

दुसरा रॉय इंग्लंड. आडनाव इंग्लंड, माणूस ऑस्ट्रेलियाचा. 1925 मध्ये इंग्लंडला आला. व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स भागातली गवती छपराची घरं पाडली जातायत, बदलतायत, हे त्यानं पाहिलं आणि ती मोजून, नोंदून 1:76 प्रमाणात करायला घेतली. त्यातूनच लाँग विटनहॅमचं पेंडन संग्रहालय झालं. इथे रेल्वे गावासाठी आहे, गाव रेल्वेसाठी नाही. माझी तक्रार एकच. दोन महायुद्धांमधल्या काळात तिथली शेती मंदीत होती. त्या सुंदर छपराखालच्या मजुराचे हाल मॉडेलमध्ये दिसत नाहीत. पण घर मात्र उरलं, आणि ही कमाई लहान नाही.

आता आपल्याकडे या. भारतीय ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर. एच-ओमध्ये रुळांतलं अंतर सव्वाएकोणीस मिलिमीटर हवं. बाजारात मिळतो तो रूळ साडेसोळाचा. म्हणजे आपली गाडी परक्या, अरुंद रुळावर उभी. शौकीन मंडळी हे चालवून घेतात, पैशाचा प्रश्न असतो, मी दोष देणार नाही. पण जरा बार्शी लाइट रेल्वेकडे बघा. 1897 मध्ये सुरू झाली, पंढरीच्या वारकऱ्यांना घेऊन धावली, गेज 762 मिलिमीटर. भागिले 87 करा, पावणेनऊ येतात. आणि नऊ मिलिमीटरचा रूळ बाजारात सहज मिळतो! जी गाडी जवळजवळ अचूक करता येईल, ती आपलीच. ती लाइन आता ब्रॉडगेज झाली.

म्हणून म्हणतो, राजधानीचं चकचकीत इंजिन जरूर घ्या, पण सोबत कुर्डुवाडीचं जुनं यार्ड कुणीतरी मनावर घ्या. ज्यांनी त्या गाडीतून प्रवास केला, तिथे नोकरी केली, ती माणसं अजून आहेत. डब्याचा रंग कोणता होता, बाक कसे होते, आषाढीला गर्दी कुठवर लोंबायची, हे त्यांना विचारा, लिहून घ्या. रंगाची डबी नंतर उघडा. आणि तुमचा लेआऊट पाहून कुणी ‘हुबेहूब’ म्हणालं तर त्याला विचारा, ‘कशासारखं?’ त्याला उत्तर देता आलं, तर तुमचं काम झालं.