पाच सूर, पाच बोटे

इंदूरच्या मराठी घरांत पेटीशेजारी आता कीबोर्डही दिसतो. मूल पाच सुरांचा भूप वाजवू लागले की आईवडील सुखावतात. माझी तक्रार एवढीच की, बोटे सोयीने बसवली जातात, रागाकडे पाहून नव्हे.

पांढरी एक हा षड्ज धरा. उजव्या हाताने सा-रे-ग अंगठा, तर्जनी, मधले बोट. मग अंगठा खालून नेऊन प-ध. भूपाला हे शोभते, कारण त्याचा वादी गंधार बळकट मधल्या बोटावर येतो. देसकाराचे सूर तेच, पण वादी धैवत. तिथे सा-रे झाल्यावर अंगठा गंधारावर आणावा, म्हणजे मधले बोट धैवतावर स्थिरावते.

इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) मेरुखंडासाठी ओळखले जातात. त्या हिशेबाने पाच सुरांच्या १२० मांडण्या होतात. सरळ आरोहासाठी घोकलेली बोटे त्यांना कशी पुरणार? म्हणून मुलाला आधी राग गाऊ द्यावा, बोटे मग ठरवावीत. नाहीतर तो भूपही वाजवील, देसकारही वाजवील, आणि ऐकणाऱ्याला दोन्ही वेळा एकच राग ऐकू येईल.