नारायण सुर्वे यांच्या कवितेतील स्वातंत्र्य व आदर्शलोक

कलावंताचे स्वातंत्र्य म्हणजे बंधने तोडणे, हा अर्थ आपल्या समीक्षेत जवळजवळ गृहीतच धरला जातो. साठोत्तरी लघुनियतकालिकांच्या चळवळीतील मुंबईच्या कवींनी प्रस्थापित वाङ्मयाशी व परंपरेशी केलेले बंड आपण याच अर्थाने वाचतो. नारायण सुर्वे (१९२६-२०१०) यांची कविता मात्र या चौकटीत मावत नाही. तिला 'कामगारकवीची कविता' हे विशेषण लावले, की हा प्रश्नच नजरेआड होतो.

सुर्वे यांना जन्मदात्यांचे नाव ठाऊक नव्हते. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने हे बेवारस मूल घरी नेले, परळच्या कामगारवस्तीत वाढवले व आपले आडनाव दिले. ज्याला तोडण्यासाठी नातेच नव्हते, त्याच्या लेखी स्वातंत्र्याचा पहिला अर्थ नाते जोडणे हाच असणार. 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) या शीर्षकातील 'मी' म्हणूनच एकटा नाही. संतांच्या वळणाचे शब्द घेऊन तो आपल्यासोबत गिरणीची सारी वस्ती उभी करतो.

थॉमस मोर यांचा आदर्शलोक (१५१६) दूरच्या बेटावर होता. अण्णा भाऊ साठे त्याच्या शोधात १९६१ मध्ये रशियाला जाऊन आले. सुर्वेही मार्क्सवादीच, परंतु त्यांचा आदर्शलोक हे स्थळ नसून माणूस आहे. १९८२ चा गिरणी संप फसला, १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि तरीही १९९५ मध्ये त्यांचा 'नव्या माणसाचे आगमन' हा संग्रह आला. या शीर्षकातील निष्ठा मोठी आहे, हे मान्य. तथापि जेथे तो नवा माणूस घोषणेतून येतो तेथे कविता सैल पडते, आणि जेथे तो वस्तीतल्या बोलीत बोलतो तेथे ती उभी राहते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उदाहरणार्थ, मुलाला शाळेत घालायला आलेली वेश्या बापाच्या रकान्यात मास्तरांनाच स्वतःचे नाव लिहायला सांगते, ती कविता. ज्याचे स्वतःचे नाव असेच कोणीतरी दिलेले होते आणि ज्याने पुढे महानगरपालिकेच्या शाळेत शिकवले, त्याचीच ही कविता. येथे मार्क्सचे नाव नाही, घोषणा नाही. आहे ती एका रकान्याची मागणी. पदवीच्या वर्गातील आमच्या विद्यार्थ्यांनी लोअर परळची फिनिक्स मिल केवळ मॉल म्हणूनच पाहिली आहे. कविता वाचून झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "सर, मास्तरांनी नाव लिहिलं का?" कवितेत मास्तर काहीच बोलत नाहीत.