शिवराईची तिसरी ओळ

शिवराई या शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्यावर पूर्ण मजकूर सापडेल अशी आशा धरूच नये. ठसा मोठा, तांब्याची चकती लहान आणि घण घालणारा घाईत. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र / पति’ आणि भोवती टिंबांचं कडं, अशी ठशाची मांडणी. प्रत्यक्ष नाण्यावर त्यातलं निम्मं-शिम्मं उतरतं. जे उतरलं तेही पुढे पिढ्यान् पिढ्यांच्या कनवटीला झिजलं. तरीही पुण्याच्या जुन्या बाजारात तांब्याचा ढीग दिसला की शौकीन माणूस उकिडवा बसतो, तो ह्या अर्धवट अक्षरांसाठीच.

1674 च्या राज्याभिषेकापासून नातं सांगणारं हे नाणं पेशवाईतही चाललं. 1818 नंतर कंपनी सरकारनेही पुण्यात शिवराई पाडली, ती दुदांडी; म्हणजे ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्या मध्ये दोन आडव्या दांड्या असलेली. इतक्या लांब काळात ठसे किती हातांनी कोरले असतील! म्हणून कुठे ‘शिव’, कुठे ‘शीव’, कुठे चक्क ‘सिव’. ‘पति’ आहे तसं ‘पती’ही आहे. याला अशुद्धलेखन म्हणणं मला पटत नाही. शुद्धलेखनाचे नियमच ठरलेले नव्हते, तर कारागिराने मोडले कोणते? खरी चूक वेगळी असते. ठशात अक्षर उलटं कोरावं लागतं, तेव्हा नाण्यावर ते सुलटं येतं. कोरणाऱ्याचा हात चुकून सुलटा चालला, की नाण्यावर अक्षर आरशातल्यासारखं उमटतं. असं एखादं अक्षर दिसलं की त्या माणसाची गफलत आपण रंगेहाथ पकडल्यासारखं वाटतं.

पण सगळा जीव अडकतो तो तिसऱ्या ओळीत. ‘श्री राजा’ सगळीकडे सारखंच. नाव त्याच्या खाली, आणि कडेला असल्यामुळे नेमकं तेच कापलं जातं. ‘शिव’ असेल तर नाणं नेहमीचं. ‘शंभु’, म्हणजे संभाजी महाराजांचं नाव, असेल तर दुर्मीळ, आणि किमतीची गोष्टच निराळी. आता झिजलेल्या नाण्यावर ‘शि’ची वेलांटी घासून तिचा वरचा तुकडा तेवढा उरतो आणि अनुस्वाराचं सोंग घेतो. विक्रेता लगेच त्यावर बोट ठेवतो. अशा वेळी टिंबाकडे बघूच नये. ‘श’च्या डावीकडे वेलांटीच्या दांडीची काही खूण आहे का ते पाहावं, मग पुढच्या अक्षराच्या पायाशी उकार आहे का ते. उजेड वरून नको, बाजूने तिरपा हवा. अक्षराचा माथा सपाट झाला तरी त्याची मुळं चकतीला धरून असतात. तिरप्या उजेडात त्यांची सावली पडते आणि ‘शंभु’ म्हणून दाखवलेल्या नाण्यात बहुतेक वेळा ‘शिव’च निघतो.

नाण्यावर एखादी तिरकी रेघ दिसली तर ती उठलेली आहे की खोल गेलेली, हे नखाने चाचपावं. उठलेली रेघ बहुधा ठसा तडकल्याची. तशीच रेघ दुसऱ्या नाण्यावर मिळाली तर दोन्ही एकाच ठशाची भावंडं. खोल गेलेली रेघ म्हणजे नंतर कुणीतरी ओढलेला ओरखडा, तिचं कौतुक नको. आणि कृपा करून चिंच लावून घासू नका. तांब्यावर जमलेला तो काळपट थर गेला की उरलीसुरली सावलीही जाते.

दुकानदाराने कड्यासकट सगळी अक्षरं गोलात नीट बसलेली शिवराई पुढे केली तर मात्र मी आधी तिची कड बघतो. तिथे साच्याच्या जोडाची रेघ असेल आणि अंगावर ओतकामातल्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे असतील, तर ती परत करून पुन्हा ढिगाकडे वळतो.