वाङ्मयातील निवृत्तीचा निर्णय

निवृत्त होण्यास पात्र झालेल्या मनुष्याने निवृत्त व्हावे की काम करीत राहावे, हा प्रश्न वरवर पाहता नियमपुस्तकाचा आहे. केंद्र सरकारने १९९८ साली आपल्या नोकरांचे निवृत्तीचे वय ५८ वरून ६० वर नेले. शाळा-महाविद्यालयांची वयोमर्यादा प्रांतोप्रांती निराळी आहे. शिवाय मुदतवाढ नावाची एक खिडकी बहुतेक ठिकाणी किलकिली असतेच. परंतु मनुष्याला केव्हा जाता येईल, किंवा केव्हा जावेच लागेल, एवढेच नियम सांगतो. जाताना त्याने काय खाली ठेवावे आणि काय बरोबर न्यावे, याविषयी नियम मुका असतो. ते सांगण्याचे काम वाङ्मयाकडे येते. म्हणून वाङ्मयाने ते कितपत केले आहे, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

मराठी वाचकाला या संदर्भात प्रथम आठवते ते वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट'. २३ डिसेंबर १९७० रोजी गोवा हिंदु असोसिएशनने डॉ. श्रीराम लागू यांच्या प्रमुख भूमिकेत हे नाटक रंगभूमीवर आणले, आणि १९७४ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गणपतराव बेलवलकर हा थोर नट रंगभूमीचा निरोप घेतो, आपली मिळकत मुलगा व मुलगी यांना वाटून देतो, आणि पुढे प्रथम मुलाच्या व नंतर मुलीच्या घरी अपमानाचे घास गिळतो. चोरीचा आळ येतो, कावेरी जाते, आणि शेवटी बूटपॉलिश करणाऱ्या राजाचा तेवढा आधार उरतो. हे सर्व आमच्या वाचकांना ठाऊक आहे.

या नाटकातून व्यवहारी प्रेक्षकाने आजवर एकच बोध घेतला आहे : हयात असेपर्यंत मिळकत मुलांच्या स्वाधीन करू नये. आमच्या मते हा बोध खरा असला तरी फार उथळ आहे. बेलवलकराने निम्मी मिळकत राखून ठेवली असती, तर त्याच्यावर रस्त्यावर येण्याची पाळी आली नसती; परंतु तो सुखी झाला असता काय? आम्हांला तसे वाटत नाही. त्याने पैसा दिला, घर दिले, रंगमंचही सोडला. फक्त नटाची भूमिका तेवढी सोडली नाही. मुलाच्या दिवाणखान्यातही तो नाटकाच्याच भाषेत बोलतो, कारण दुसरी भाषा त्याने आयुष्यात कधी घडविलीच नाही. घर हा त्याच्या दृष्टीने प्रेक्षक नसलेला रंगमंच आहे. राजाच्या सहवासात त्याला जो विसावा मिळतो, त्याचे एक कारण राजाचे माणूसपण आहेच. दुसरे कारण असे की, तेथे त्याला पुन्हा ऐकणारा भेटतो.

शिरवाडकरांचे सामर्थ्य या चित्रणात आहे, आणि त्यांची उणीवही जवळच आहे. पडदा वर जातो तेव्हा रंगभूमी सोडण्याचा निर्णय होऊन गेलेला असतो. शरीर थकले म्हणून, की स्मरण दगा देऊ लागले म्हणून, की टाळ्या चालू असतानाच निघावे म्हणून, याचा झगडा आपल्याला दिसत नाही. परिणामी पुढील सर्व दुःखाचा भार मुलांच्या कृतघ्नतेवर पडतो. प्रेक्षक सुनेवर व मुलीवर रागावून घरी जातो, आणि स्वतःला एकही प्रश्न न विचारता झोपू शकतो.

ही उणीव ज्या मूळ कथेच्या छायेत हे नाटक वाढले तिच्यातही आहे. शेक्सपिअरचा लिअर पहिल्याच अंकाच्या पहिल्याच प्रवेशात राज्याचे वाटे जाहीर करतो. निर्णय आधीच झालेला आहे, नकाशाही तयार आहे. फरक इतकाच की लिअर काय देतो आणि काय ठेवून घेतो, हे शेक्सपिअरने नेमके मोजून सांगितले आहे. राज्यकारभाराची जबाबदारी तो देतो. राजा ही पदवी, तिचा मान आणि शंभर सरदारांचा ताफा मात्र स्वतःकडे ठेवतो, आणि एकेक महिना एकेका मुलीकडे राहण्याचे ठरवितो. म्हणजे त्याला कामातून सुटका हवी आहे, अधिकारातून नको. पुढे शंभराचे पन्नास होतात, पन्नासाचे पंचवीस, आणि अखेर एकाची तरी काय गरज, असा प्रश्न त्याला ऐकावा लागतो. मुली क्रूर आहेत यात शंका नाही. परंतु एका राज्यात दोन ठिकाणाहून आज्ञा सुटू लागल्या म्हणजे कलह अटळ असतो. त्यासाठी मुली क्रूर असण्याचीही आवश्यकता नाही.

आमच्या व्यवसायातील वाचकांना हा लिअर अपरिचित वाटू नये. सेवानिवृत्त झाल्यावर संस्थेच्या कार्यकारी मंडळावर येऊन नव्या मुख्याध्यापकाच्या वेळापत्रकावर नजर ठेवणारे, शिक्षकांना घरी बोलावून शाळेची हालहवाल विचारणारे, स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेतील ठरावीक खुर्ची रिकामी नसली तर दुखावले जाणारे गृहस्थ आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांचा हेतू वाईट नसतो. तथापि शंभर सरदार बरोबर घेऊन ते निघालेले असतात.

आता कालिदासाकडे वळू. 'रघुवंशा'च्या पहिल्या सर्गात या कुळाची रीत सांगितली आहे : बालपणी विद्या, तारुण्यात विषयोपभोग, वार्धक्यात मुनिवृत्ती. तिसऱ्या सर्गाच्या शेवटी दिलीप या रीतीने सुदक्षिणेसह वनात जातो. तेथे झगडा नाही. वय झाले, मुलगा कर्ता झाला, राजा निघाला. परंतु आठव्या सर्गात रघूची पाळी येते तेव्हा कालिदासाने रीत मोडली आहे. रघू वनात जाण्यास सिद्ध होतो आणि अज साश्रू नयनांनी पायांवर मस्तक ठेवून विनवितो की, मला सोडून जाऊ नका. पुत्रवत्सल रघू त्याचे म्हणणे मान्य करतो; मात्र सापाने टाकलेली कात जशी तो पुन्हा अंगावर चढवीत नाही, तशी सोडलेली राज्यलक्ष्मी तो पुन्हा स्वीकारीत नाही. तो नगराबाहेर राहतो.

आमच्या वाचनात निवृत्तीच्या निर्णयाचे इतके सूक्ष्म चित्र दुसरे नाही. येथे दोन खऱ्या मागण्या समोरासमोर आहेत. कुळाची रीत म्हणते जा, मुलाचे प्रेम म्हणते राहा. आणि रघू दोहोंतील अर्धे अर्धे घेऊन तडजोड करीत नाही. तो माणसांच्या जवळ राहतो आणि अधिकारापासून पूर्णपणे दूर जातो. लिअरने नेमके याच्या उलट केले : अधिकाराची खूण जवळ ठेवली आणि जीव लावणाऱ्या कॉर्डेलियाला दूर केले. पुत्राने उपभोगावयाची ती राज्यलक्ष्मी सुनेसारखी रघूची सेवा करीत होती, असेही कालिदास म्हणतो. सुनेवर अधिकार गाजवावयाचा नसतो, तिच्याकडून आदर घ्यावयाचा असतो, ही मर्यादा त्या एका उपमेत आली आहे. बेलवलकराच्या घरातील सुनेचा प्रसंग ज्याला आठवेल, त्याला या उपमेचे मोल निराळे सांगावे लागणार नाही.

याहून महत्त्वाचा भाग पुढचा आहे. कालिदास पिता-पुत्रांना एकाच श्लोकात शेजारी शेजारी उभे करीत जातो. अज नीतिकुशल मंत्र्यांना भेटतो, रघू योग्यांना. अज न्यायासनावर बसतो, रघू दर्भासनावर. अज शेजारच्या राजांना वश करतो, रघू शरीरातील पंचप्राणांना. म्हणजे रघू निष्क्रिय झालेला नाही. त्याचे काम बदलले आहे, आणि ते अजाच्या कामाच्या आड येत नाही. बेलवलकरापाशी नेमके हेच नव्हते.

याला कोणी राजाची गोष्ट म्हणून बाजूला सारील, म्हणून आपल्याच परिसरातील एक उदाहरण देतो. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ पासून बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत होते. १९२५ साली, साठीला पोचल्यावर, ते सेवेतून मोकळे झाले व कामशेतला जाऊन राहिले. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड त्यांच्या संपादनाखाली निघाले ते त्यानंतर, आणि मराठ्यांचा इंग्रजी इतिहास तीन खंडांत १९४६ ते १९४८ या काळात आला तो ऐंशी ओलांडल्यावर. परंतु 'मुसलमानी रियासत' १८९८ सालचीच आहे, हे विसरता कामा नये. दर्भासन त्यांनी नोकरीत असतानाच विणून ठेवले होते.

ज्याला काम कधी आवडलेच नाही त्याचे काय? चार्ल्स लॅम्ब ३३ वर्षे ईस्ट इंडिया कंपनीत कारकुनी करून १८२५ साली, पन्नासाव्या वर्षी, सुटला आणि त्याच वर्षी त्याने 'द सुपरॲन्युएटेड मॅन' हा निबंध लिहिला. मराठी लघुनिबंधाच्या चर्चेत त्याचे नाव हटकून येते, पण या निबंधाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. दीर्घ कारावासातून एकाएकी बाहेर आलेल्या बंदिवानासारखा तो पहिले काही दिवस गोंधळलेला असतो. मग जुन्या कचेरीत जाऊन आपली जागा व टोपीची खुंटी दुसऱ्याकडे गेलेली पाहतो, आणि त्याला जरा लागते. ज्या कामाचा जन्मभर कंटाळा केला त्याचाही विरह होतो, हे सत्य सांगण्याचा प्रामाणिकपणा येथे आहे.

तथापि एक आक्षेप राहतो आणि तो मोठा आहे. लॅम्बच्या निबंधातील कारकुनाला दोन-तृतीयांश पगार निवृत्तिवेतन म्हणून मिळाला. रघूच्या दाराशी राज्यलक्ष्मी उभी होती. बेलवलकराला निवृत्तिवेतन नव्हते. केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून सैन्यदले वगळता नव्या नोकरांसाठी जुनी निवृत्तिवेतनाची पद्धत बंद केली, आणि विनाअनुदानित शाळांतील कितीतरी शिक्षकांना ती कधी लाभलीच नव्हती. मुलीचे लग्न किंवा घराचे कर्ज डोक्यावर असलेल्या मनुष्याने मुदतवाढीचा अर्ज केला, तर त्याला आसक्तीचा दोष देणे अन्यायाचे होईल. वैराग्याचा उपदेश भरल्या पेटीजवळ बसून करणे सोपे असते.

ही अडचण वगळली तर आमचा अभिप्राय असा : मराठी नाटकाने व कादंबरीने निवृत्तीनंतरच्या दुःखाची पुष्कळ चित्रे काढली, परंतु त्या आधीची सहा महिन्यांची घालमेल जवळजवळ तशीच राहिली. अर्ज लिहून टेबलाच्या खणात ठेवणारा, वर्गावर गेला की तो फाडावासा वाटणारा, आणि शेजारच्या खोलीत आपल्या खुर्चीला योग्य असा तरुण सहकारी वाट पाहतो आहे हे जाणणारा शिक्षक अद्याप आमच्या वाङ्मयात नीट आलेला नाही. त्याचा निर्णय कोणताही होवो. तो होताना आम्हांला पाहावयाचा आहे. आमच्या सभासदांत या घालमेलीतून गेलेले लेखक थोडे नाहीत. त्यांपैकी कोणी लेखणी उचलल्यास या पृष्ठांत तिचे स्वागत होईल, असा विश्वास वाटतो.