कृतज्ञतेची किंमत

दुर्गच्या पश्चिमेस लोहमार्गावर राजनांदगाव आहे. 1893 साली नारायण वामन टिळक आगगाडीने तिकडे निघाले असता एका सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे प्रभुकृपेविषयीची त्यांची कृतज्ञता अभंगांच्या रूपाने मराठी ख्रिस्ती उपासनेत रुजली. परंतु कृतज्ञता गाणे आणि ती आचरणे यांतील अंतर जाणावयाचे, तर लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचावी लागतात. हाती आलेले दुसऱ्यास देऊन टाकणे, ही टिळकांची उपकारस्मरणाची रीत. त्या दानाचा भार मात्र चुलीपुढे बसलेल्या पत्नीवर पडे. लक्ष्मीबाई हे लपवीत नाहीत. त्या कुरकुरतात, हसतात आणि पोरक्या मुलांना पदराखाली घेतात. सोवळेही त्यांनी स्वतःच्या विचाराने सोडले. मगच 1900 मध्ये त्या मंडळीत आल्या. या ग्रंथाचा विनोद वाखाणून थांबणारी टीका म्हणूनच अपुरी वाटते. कृपेचे ऋण मानणाऱ्याच्या औदार्याची किंमत पुष्कळदा घरातील दुसरेच कोणी देत असते. त्या दुसऱ्या माणसाची साक्ष आपल्या भक्तिवाङ्मयात विरळा. ती येथे आहे.