हातभर अंतराची विद्या

जुलै २०२०. टाळेबंदीतला पुण्यातला एक रस्ता, आणि ८५ वर्षांच्या शांताबाई पवार दोन्ही हातांत काठ्या घेऊन फिरवताहेत. आपल्या लातूरचे अभिनेते रितेश देशमुख यांनी ही चित्रफीत लोकांपुढे आणली आणि हडपसरच्या या आजी देशभर पोचल्या. लोक थक्क झाले ते त्यांच्या वयानं. माझी नजर मात्र दर वेळी त्यांच्या मनगटावर जाऊन थांबते.

नवखा माणूस काठी हाती आली की मूठ आवळतो. मूठ आवळली की खांदा ताठतो, कोपर अंगापासून सुटतं, आणि काठी फिरायची सोडून नुसती ढकलली जाते. शांताबाईंचा खांदा उतरलेला, निवांत. काम करतं ते मनगट. बोटं वळणावर किंचित सैल होतात, काठीला तिच्या वेगानं जाऊ देतात आणि ती परत आली की अलगद ताब्यात घेतात. दोन्ही हात एकाच वेळी चालतात, पण एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. वडिलांकडून आठव्या वर्षी उचललेलं हे कसब डोंबाऱ्याच्या खेळातलं. प्रेक्षक समोर हातभरावर उभा असतो, त्यामुळे काठी कुठे संपते याचा अंदाज चुकवून चालत नाही. हा अंदाज त्यांच्या अंगात इतका मुरलेला, की त्या काठीकडे बघतसुद्धा नाहीत.

कंधारचा भुईकोट ज्यांनी पाहिलाय त्यांना यातली मेख चटकन कळेल. त्या किल्ल्याचा पहिला पहारेकरी तटबंदी नाही, तटाभोवतीचा पाण्याचा खंदक आहे. शत्रूला तो आधी लांब थांबवतो. फिरती काठी बाईभोवती असाच खंदक आखते. आपल्याकडे मुलीला लहानपणापासून अंग चोरायला शिकवतात. एसटीत आकसून बस, रस्त्याच्या कडेनं चाल, ओसरीवर पाय पसरू नकोस. तीच मुलगी काठी घेऊन उभी राहिली की पहिल्यांदा स्वतःभोवती चारी बाजूंनी जागा मागते, आणि ती तिला मिळते. लाठीचा पहिला धडा वाराचा नसतोच. काठीसकट हात पसरून, गोल फिरून, शेजारणीला लागत नाही ना हे पाहण्याचा असतो. प्रत्येकीची जागा दुसरीनं राखलेली असते. एकीचं पाऊल चुकलं तर दुसरीच्या डोक्याशी गाठ, म्हणून सगळ्या रांगेला एक ताल धरावा लागतो. मैत्रीचा इतका रोखठोक पाया मी दुसऱ्या कुठल्या विद्येत पाहिलेला नाही. चित्रफीत गाजली त्याच वर्षी अभिनेते सोनू सूद यांच्या मदतीनं शांताबाईंचा शिकवणीवर्ग उभा राहिला. एका बाईच्या अंगातली ही समज रांगेतल्या मुलींपर्यंत पोचावी, याहून चांगलं त्या चित्रफितीचं काय होणार होतं?

लाठी अंतर राखते. नांदेडचा गतका त्या अंतरात शिरायला शिकवतो. शीख परंपरेतली ही शस्त्रकला, आणि मर्दानी खेळातला फरी-गदगा पाहिलेल्या मराठी माणसाला ती अनोळखी वाटत नाही. एका हातात सोटी, म्हणजे मूठ असलेली वेताची काठी. दुसऱ्या हातात फरी, जेमतेम वीतभर व्यासाची गोल ढाल. एवढ्याशा ढालीनं अंग झाकत नाही, आणि सगळी गंमत त्यातच आहे. फरीमागे लपता येत नाही. वार येतो तिथे फरी न्यावी लागते, म्हणजे समोरचीचा बेत तिच्या खांद्यावरून आधीच वाचावा लागतो.

खेळ सुरू होताना शस्त्राला नमस्कार होतो. मग पैंतरा. गतका बघणारे नवखे लोक काठ्यांचा खडखडाट ऐकतात आणि पाय बघायचे विसरतात. पैंतऱ्यात पाय एका जागी गोठत नाहीत. भार या पायावरून त्या पायावर सारखा जात असतो, आणि हात पायांच्या तालावर चालतात. जिचा भार दोन्ही पायांवर एकदम अडकला, तिला पुढच्या क्षणी ना पुढे जाता येत ना मागे सरता येत. ढोल वाजतो तो याच पावलांसाठी. चढाओढीत गुण मिळतो तो सोटी टेकल्याचा. हाडं मोडण्याला इथे मान नाही. पूर्ण वेगानं आलेली सोटी समोरचीच्या अंगाला शिवते न शिवते तोच मागे घेता येणं, ही खरी पकड. जोर लावणं सोपं असतं. जोर हातात असताना तो आवरणाऱ्या खेळाडूवर जोडीदारीण निर्धास्त विश्वास टाकते. २०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत गतका पहिल्यांदा पदकांचा खेळ झाला आणि मुलींच्या लढती त्यात होत्या. फार उशिरा मिळालेला, पण पुरेपूर कमावलेला मान.

या विद्येत बाई पाहुणी म्हणून आलेली नाही, याची साक्ष नांदेडातच आहे. आनंदपूरच्या वेढ्यातून माघारी फिरलेल्या चाळीस शिखांना गोळा करून १७०५ साली खिदराण्याच्या लढाईत घेऊन जाणाऱ्या माई भागो पुढे गुरू गोविंदसिंगांसोबत दक्षिणेत आल्या. गुरू १७०८ मध्ये नांदेडला ज्योतिजोत समावले. त्यानंतर माई बिदरजवळ जनवाड्याला राहिल्या आणि तिथेच त्यांचा शेवट झाला. पंजाबच्या या लढवय्या बाईचं अखेरचं आयुष्य आपल्या मुलखाच्या काठावर गेलं, हे आपल्याकडच्या किती शाळकरी मुलींना माहीत आहे? नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या आवारात माईंच्या नावाचा बुंगा, म्हणजे निवासस्थान, आहे.

कंधारहून नांदेड पन्नासेक किलोमीटर. होळीनंतर तिथे होला महल्ला, म्हणजे शस्त्रांच्या खेळांचा शीख सण, असतो. लेकीला घेऊन जा, आधी माईंचा बुंगा दाखवा, मग गर्दीत तिला पुढे उभी करा. शस्त्रांचं तेज तिचं तिला दिसेलच. तिला एवढंच सांगा, पाय बघ. आणि परत आल्यावर तिनं काठी मागितली, तर द्या.