अँटिमनीच्या ऑक्सिडीकरण अवस्था : पाठ्यमांडणीची चिकित्सा

कनिष्ठ महाविद्यालयीन रसायनशास्त्रात पंधराव्या गटाच्या ऑक्सिडीकरण अवस्था सामान्यतः −३, +३ व +५ अशा एका ओळीत सांगितल्या जातात. ही ओळ पाठांतरास सोयीची असली तरी अँटिमनीच्या बाबतीत ती अपुरी, प्रसंगी दिशाभूल करणारी ठरते.

−३ साठी बहुधा स्टिबाइन या हायड्राइडचे उदाहरण दिले जाते. पाउलिंग मापनश्रेणीनुसार हायड्रोजनची विद्युतऋणता २.२०, तर अँटिमनीची २.०५ आहे. व्याख्या काटेकोरपणे लावल्यास येथे अँटिमनीची अवस्था +३ येते. −३ लिहिली जाते ती गटातील साम्य राखण्याच्या रूढीमुळे. इंडियम अँटिमोनाइड हे उदाहरण अधिक निर्दोष ठरले असते. टेट्रॉक्साइडच्या सूत्रावरून +४ अवस्था निघते. वस्तुतः त्यातील निम्मे अणू +३ व निम्मे +५ अवस्थेत असतात. सरासरी आणि प्रत्यक्ष अवस्था यांतील हा भेद शिकवण्याची याहून चांगली संधी क्वचितच मिळते, आणि तीच वगळली जाते.

उदाहरणे परिसरातून घेण्याबाबतही उदासीनता दिसते. गोंदिया जिल्ह्यात तेंदूपत्ता व बिडी यांचा व्यवसाय पिढ्यानपिढ्या रुजलेला आहे. बिडी पेटविणाऱ्या आगकाडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेटसोबत इंधन म्हणून अँटिमनी सल्फाइड वापरले जाते. हे सल्फाइड हवेत भाजल्यास मुख्यतः ट्रायऑक्साइड व सल्फर डायऑक्साइड तयार होतात. या अभिक्रियेत अँटिमनी +३ वरच राहतो. −२ वरून +४ वर जातो तो गंधक. धातूचे संयुग जळाले म्हणजे धातूचेच ऑक्सिडीकरण झाले, हा विद्यार्थ्यांचा दृढ समज एवढ्या एका उदाहरणाने दूर होऊ शकतो. 'सुरमा म्हणजे अँटिमनी' हे समीकरणही तपासूनच वापरावयास हवे, कारण बाजारातील सुरमा पुष्कळदा गॅलिना, म्हणजे शिशाचे सल्फाइड असतो.

अवस्थेचा प्रश्न केवळ गुणांपुरता नाही. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२२ मध्ये काळा आजारावर यशस्वी ठरविलेले युरिया स्टिबामाइन हे +५ अवस्थेतील अँटिमनीचे औषध होते. पूर्वी वापरात असलेले, +३ अवस्थेतील टार्टर एमेटिक त्याहून कितीतरी विषारी होते. पुढील संशोधनानुसार +५ अवस्थेतील अँटिमनीचे शरीरात +३ मध्ये क्षपण होते आणि परजीवीवर प्रामुख्याने हेच रूप परिणाम करते.